शुभांगी, तू नियमात बसत नव्हतीस

शुभे,

तुझी गाडी म्हाताऱ्यांच्या त्या नर्सिंग होमच्या फाटकाशी दोन मिनिटं थांबली होती. हे तुला कळायला हवं, म्हणून आधी तेच लिहिते.

जानेवारीचा शेवट होता, वारा बोचरा होता. कोविडमुळे अंत्यविधीला आत फक्त दहा माणसांना परवानगी, म्हणून इथली माणसं हल्ली रस्त्याच्या कडेला अंतर सोडून उभी राहतात आणि तिथूनच निरोप देतात. तुझ्या स्वयंपाकघरातल्या बायका पांढरे एप्रन आणि डोक्याला जाळी, अशाच कामातून उठून बाहेर आल्या होत्या. गाडी थांबली तशी तुझ्या मुख्य स्वयंपाकिणीने, मॉरीनने, डोक्यावरची जाळी काढून हातात घेतली. मग एकेक करत सगळ्यांनी काढली. वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक आजोबा हात हलवत होते. खाली कोण चाललंय ते त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे, पण हलवत होते.

मी समोरच्या फुटपाथवर होते. त्या दहा जणांत अजितने माझं नाव घातलं होतं. मी नको म्हटलं. गॉलवेहून येणाऱ्या तुझ्या मावसभावाला आत जाऊ दे, असं काहीतरी सांगितलं. खरं कारण हे, की तुझ्या नवऱ्यासमोर आणि मुलीसमोर उभं राहायची मला हिंमत नव्हती. तू ज्या नोकरीत असताना आजारी पडलीस, ती नोकरी तुला माझ्या एका वाक्याने धरायला लावली होती. आणि ते वाक्य अर्धंच होतं, हे मला एकटीला ठाऊक होतं.

त्या वाक्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय. तू असताना बोलायचं होतं, पण मी बोलले नाही.

आपली ओळखच मुळी भांडणाने झाली. इथे डब्लिनला, सँडीफोर्डच्या त्या बिल्डिंगमध्ये तू माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायला आलीस. पहिल्याच आठवड्यात ऊन पडलं आणि तुझ्या बाल्कनीतून एक हिरवी सुती साडी खाली माझ्या बाल्कनीपर्यंत लोंबायला लागली. मी वर येऊन तुला अगदी शांतपणे सांगितलं, की इथे बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई आहे, भाडेकराराच्या कागदात लिहिलेलं आहे. तू मला आत ओढून खुर्चीवर बसवलंस आणि म्हणालीस, "बाप्पा! वर्षातून एकदा ऊन पडून राहिलं, तेवढं तरी घेऊ दे ना." मग चहा टाकलास. साडी दोन दिवस तशीच होती. मी पुण्याची आणि तू नागपूरची, हे मला तेव्हा पुरतं कळलं. मी नियम वाचते आणि तू ऊन बघतेस, हे कळायला मात्र आणखी काही वर्षं लागली.

तुझ्या पहिल्या वर्षांबद्दल मी फारसं कधी विचारलं नाही. मी इथे माझ्या स्वतःच्या वर्क परमिटवर आले होते, पुण्याच्या बँकेतला अनुभव घेऊन. तू अजितच्या मागून आलीस. तुझ्या पासपोर्टवरच्या शिक्क्याचा अर्थच असा होता, की या बाईने इथे राहावं, पण काम करू नये. आहारशास्त्रातली एमएस्सी, वर कॉलेजात शिकवलेली पाच वर्षं, सगळं त्या शिक्क्याखाली गेलं. तू त्यावर विनोद करायचीस. मी हसायचे. पुढे अजितला आणि तुला नागरिकत्व मिळालं, शिक्का गेला, पण तोवर रेवाची शाळा, तिचा डबा, अजितच्या सिटीवेस्टच्या ऑफिसच्या वेळा, असं सगळं तुझ्याभोवती घट्ट बसून गेलं होतं. मला वाटायचं, तुला त्यात बरं वाटतंय. विचारलं मात्र कधीच नाही.

आणि तुझं हळदीकुंकू. मला त्याबद्दल तुझे आभार मानायचे आहेत, आणि आता उशीर झाला असला तरी मानतेच. माझा घटस्फोट झाला त्या वर्षी संक्रांतीला मी तुझ्याकडे येणार नव्हते. कुणी काही म्हणालं नसतं, पण बायका थोड्या अवघडतात, कपाळाकडे हात नेताना क्षणभर थबकतात, ते मी पुण्यात पाहिलं होतं. तू खाली आलीस, दार वाजवलंस आणि म्हणालीस, "चल लवकर, तू आल्याशिवाय मी सुरू करत नाही." वर गेल्यावर दहा-बारा जणींसमोर पहिलं बोट माझ्याच कपाळाला लावलंस. पुढच्या वर्षी पुन्हा. मग ती पद्धतच पडली, की शुभांगीकडे पहिलं कुंकू मंजिरीला. कोण त्यात बसतं आणि कोण बसत नाही, हा प्रश्न तुला कधी पडलाच नाही.

म्हणूनच, शुभे, ते नेमकं तुझ्याच घरी, तुझ्याच हळदीकुंकवाला घडावं, याची मला जास्त लाज वाटते.

२०२० ची संक्रांत होती. चीनमधल्या कुठल्याशा आजाराची बातमी कुणीतरी सांगत होतं आणि कुणी ऐकत नव्हतं. तू वाण म्हणून लिंबू पिळायचं यंत्र दिलं होतंस. मी पेन्शनच्या कंपनीत काम करते हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे तिळगूळ खाता खाता प्रश्न सुरू झाले. तू हातात चांदीची कुयरी धरून उभी होतीस. म्हणालीस, "मंजे, मलाही एक खातं काढून दे ना, ते म्हातारपणाचं. माझ्या नावाने. पैसे अजित भरेल, टॅक्स त्याचा वाचेल. घरी पीपीएफला नाही का असंच करत?"

हा घोळ फक्त आपलीच माणसं करू शकतात. बायकोच्या नावाने पीपीएफ, नवरा पैसे भरणार, नवऱ्याचाच कर वाचणार. पिढ्यान् पिढ्या आपण असंच करत आलो. मी आठवड्यातून दोनदा तरी कुण्या कुलकर्णी किंवा देशमुखांना हे समजावते. आणि त्या संध्याकाळी मी माझा ऑफिसचा आवाज काढला. म्हटलं, "इथे तसं चालत नाही. इथे ज्याची कमाई त्यालाच सवलत, तीही त्याच्या वयाप्रमाणे कमाईच्या ठरावीक हिश्श्यापर्यंत. नवऱ्याची कमाई बायकोच्या खात्याला लागू होत नाही. तुला उत्पन्न नाही, शुभे. तू नियमात बसत नाहीस."

तू म्हणालीस, "म्हणजे तुमच्या नियमाप्रमाणे मी म्हातारी होणारच नाही का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. तू पुढच्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलंस.

आता उरलेलं अर्धं वाक्य. कमाई नसली तरी ते खातं काढता येतं. कुणालाही काढता येतं, पैसेही भरता येतात. फक्त करात सवलत मिळत नाही, एवढंच. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. हेच वाक्य मी ऑफिसच्या पत्रांमध्ये रोज लिहिते. मग तुझ्यापुढे का नाही बोलले? याचा मी खूप विचार केला. एक तर आपल्याकडे गुंतवणूक आठवते ती मार्च उजाडला की. ज्याने कर वाचत नाही, त्याला आपण गुंतवणूक म्हणतच नाही. बँकेत अकरा वर्षं मी लोकांना हेच विकलं, ते माझ्या हाडात मुरलंय. सवलत नाही म्हणजे काहीच नाही, असं माझ्या तोंडून आपोआप निघालं. आणि दुसरं कारण, जे मला जास्त बोचतं, ते असं की मला बरोबर ठरायचं होतं. दहा-बारा जणी ऐकत होत्या आणि मी छान बोलत होते. त्यात "पण तसं म्हटलं तर" असं शेपूट कोण जोडणार?

मार्चमध्ये सगळं बंद झालं. मी माझ्या जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडलं. तू वरून फरशीवर लाटणं आपटून चहाची वेळ झाली म्हणून कळवायचीस आणि मग आपण आपापल्या बाल्कनीत कप घेऊन एकमेकींना न दिसता गप्पा मारायचो. जुलैत एका दुपारी तू वरून ओरडलीस, "मंजे, मला नोकरी लागली!"

मी विचारलं कुठे. तू सांगितलंस, नर्सिंग होमच्या किचनमध्ये, आठवड्याचे चार दिवस.

"वेड लागलंय का तुला? आत्ता? लोक तिथून पळून राहिलेत!" तुझ्याशी बोलताना माझं मराठी असं नागपुरी व्हायचं.

"म्हणून तर जागा आहे ना गं," तू म्हणालीस.

मी आणखी वाद घालायला हवा होता. मी आयुष्यात तुझ्याशी साडीवरून भांडले, खिचडीतल्या साखरेवरून भांडले, रेवाला मराठीत उत्तर द्यायला लावायचं की नाही यावरून तर दोन वर्षं भांडले. त्या दिवशी मी गप्प बसले. कारण माझ्या मनात आलं, हिने माझं ऐकलं. कमाई नाही म्हणून नियमात बसत नव्हती, आता बसेल. आणि शुभे, मला बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून ते मी लिहून टाकते. तू आजारी माणसांच्या घरात कामाला निघाली होतीस आणि मी खाली उभी राहून स्वतःवर खूश होते.

तू त्या नोकरीत फुललीस, यात मात्र वाद नाही. ज्यांना गिळता येत नाही अशा म्हाताऱ्यांना सगळं अन्न वाटून देतात, ताटात तीन रंगांचे तीन गोळे, कशात काय आहे ते कळायची सोय नाही. तुला ते बघवेना. तू घरून मोदकाचा साचा नेलास. बटाट्याच्या लगद्याला कळ्या पाडल्यास, वाटलेल्या गाजराला गाजराचा आकार दिलास, मटारचे पुन्हा मटार केलेस. मॉरीनने आधी नाक मुरडलं, मग तुझ्याकडून साचा मागून घेतला. तू बाल्कनीतून रोजचा वृत्तांत द्यायचीस. "अगं, आज 'यूअर मॅन'ने ताट चाटूनपुसून पाठवलं!" यूअर मॅन म्हणजे खिडकीतले ते आजोबा. इथले लोक कुणाहीबद्दल असं बोलतात, आणि तू दोन महिन्यांत त्यांच्यासारखी बोलायला लागलीस. रेवा तुला अस्सल डब्लिनकर म्हणून चिडवायची, "आई, यू साऊंड लाइक अ रिअल डब!" तू म्हणायचीस, "जेवायला बस, रिअल डबची मुलगी." पहाटे उठून पायी जायचीस, संध्याकाळी पाय बादलीत बुडवून बसायचीस, आणि तरी तुझ्या आवाजात काहीतरी होतं, जे मी आधीच्या दहा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याला काय म्हणतात ते मला तेव्हा कळलं नाही.

सप्टेंबरात एकदा लुआस ट्रामच्या स्टॉपजवळच्या बाकावर आपण दोन टोकांना बसलो होतो, तोंडाला मास्क. तू चष्म्याच्या खोक्यातून घडी घातलेली पगाराची पावती काढलीस. "हं, आता सांग, यातलं किती भरता येतं मला?"

मी म्हटलं, तुझ्या वयाला कमाईच्या पाव हिश्श्यापर्यंत सवलत. पन्नाशीला लागलीस की तीस टक्के.

तू इतक्या जोरात हसलीस की ट्रामची वाट बघणारा माणूस वळून बघायला लागला. "म्हणजे म्हातारं व्हायचं बक्षीस देतात? बरं आहे की! पुढच्या वर्षी मी पन्नास, तेव्हा पार्टी देते तुला तीस टक्क्यांची."

मी तुला समजावलं, की तुझ्या पगाराला जी सवलत मिळेल ती अगदी किरकोळ आहे, त्यासाठी एवढा खटाटोप करण्यात तसा अर्थ नाही. तू म्हणालीस, "सवलत कोण मागून राहिलं? तू आकडा सांग." मी फोनवर हिशेब केला आणि आकडा सांगितला. तू तो नीट ऐकलाही नाहीस. तू पावती माझ्या हातात दिली होतीस आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होतीस. मी म्हटलं, "वा, पगार चांगला आहे की." बस, तेवढ्यावर तू उठलीस आणि म्हणालीस, चल, चहा करते. त्या वेळी ते अर्धं वाक्य पुन्हा माझ्या ओठांवर आलं होतं. पण आता ते सांगून काय उपयोग, असं म्हणून मी ते गिळलं. नोकरी लागलीच होती.

आपलं शेवटचं भांडण नाताळचं. मॉरीनला नातवंडांकडे जाता यावं म्हणून तू तिची त्या दिवशीची पाळी मागून घेतलीस. मी चिडले. म्हटलं, "पाच महिन्यांची नोकरी आणि अशी वागतेस जशी काही मालकीणच! तुझ्या घरी नाही का कुणी? रेवा नाही का?" तू म्हणालीस, "रेवा सोळा वर्षांची घोडी आहे. आणि तिथल्यांना त्या दिवशी जेवायला नको का?" मी दार लावून घेतलं. नऊ दिवस लाटणं वाजलं नाही. वाजवायला हवं होतं ते तूच, असं मी म्हणत राहिले. मग अजितचा मेसेज आला, की तुला ताप आहे आणि खोकला थांबत नाहीये.

लागण कुठे झाली ते कुणी सांगू शकत नाही. त्या जानेवारीत सगळ्या गावातच ती होती. दुकानातून आली असेल, बसमधून आली असेल. नर्सिंग होममध्ये सगळे मास्क-हातमोजे घालूनच वावरत होते, चूक कुणाचीही नव्हती. मी हे सगळं स्वतःला सांगून पाहिलं, पण मन फिरून फिरून त्या संक्रांतीपाशीच यायचं.

हॉस्पिटलमधून तू एकदाच बोललीस माझ्याशी. श्वास पुरत नव्हता, मधे मधे ऑक्सिजनचा आवाज यायचा. मी ठरवून फोन उचलला होता, की आज सांगायचं. सांगायचं, की शुभे, तुला नोकरीची गरज नव्हती, खातं तसंही निघालं असतं, मी तेव्हा बोलले नाही, मला माफ कर. आणि प्रत्यक्षात मी विचारलं, "रेवासाठी खिचडी पाठवू का? डाळ आहे ना घरात?"

तू म्हणालीस, "प्रेसमध्ये आहे, वरच्या खणात." कपाटाला प्रेस म्हणायला तू मॉरीनकडूनच शिकलीस. मग दम घेऊन म्हणालीस, "मुगाची घे. आणि हे बघ, तुझी ती गोडमिट्ट खिचडी नको करूस."

मी म्हटलं, "घरी ये, मग भांडू."

तू घरी आली नाहीस.

त्यानंतर पाच आठवडे मी अजितला टाळलं. डबा दाराशी ठेवायचा, बेल वाजवायची आणि जिना उतरायचा. कुणाला वावगं वाटायचं कारण नाही, सगळेच तसं करत होते. कोविडने माझ्यासारख्या पळपुट्यांची मोठी सोय केली. रेवा दार उघडून वरून म्हणायची, "थँक्स, मंजूमावशी!" आणि मी खालून हात हलवायचे, त्या आजोबांसारखा.

गेल्या रविवारी अजितचा फोन आला. तुझ्या खात्याचे कागद आलेत, काय करायचं ते कळत नाही, तू बघशील का? नाही कसं म्हणणार? माझं कामच ते. घरात भेटायला परवानगी नाही, म्हणून आम्ही बाहेर चालायला गेलो, मधे अंतर सोडून. तो फार वाळलाय, शुभे. दाढी वाढलीये आणि सगळी पांढरी निघालीये. त्याच्या हातात एक प्लास्टिकची फाईल होती. त्याने ती उघडायच्या आधीच मी म्हटलं, "अजित, थांब. आधी मला काही सांगायचंय."

आणि मी सांगितलं. संक्रांतीचं, अर्ध्या वाक्याचं, बाल्कनीखाली खूश होऊन उभी राहिले त्याचंही. म्हटलं, "तिला नोकरी न करता खातं काढता आलं असतं. मला ठाऊक होतं. मी सांगितलं असतं तर ती तिथे गेलीच नसती." माझं बोलणं अगदी सपाट येत होतं, ऑफिसात नकार कळवताना येतं तसं. तो मला ओरडेल, निदान निघून जाईल, असं मला वाटत होतं. खरं तर त्याने तसं करावं, अशी माझी इच्छाच होती.

तो थांबला. म्हणाला, "मंजिरी, हे तू केव्हापासून मनात घेऊन बसलीयेस?"

मग त्याने फाईल उघडली आणि खाते उघडल्याचा कागद माझ्यापुढे धरला. असे हजारो कागद माझ्या हाताखालून गेलेत, माझी नजर आधी तारखेवरच जाते. फेब्रुवारी २०२०. तुझ्या हळदीकुंकवानंतर जेमतेम तीन आठवडे. खाली नोकरीच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं, तुझ्या अक्षरात, आणि तुझी सही. मी तो कागद दोनदा वाचला.

"दुसऱ्याच दिवशी फोन केला होता तिने, तुझ्या नाही, वेगळ्या पेन्शन कंपनीला," अजित म्हणाला. "माझ्यासमोर, स्पीकरवर. विचारलं, कमाई नसेल तर खातं निघतं का. तो माणूस म्हणाला, निघतं, फक्त सवलत नाही. ती म्हणाली, मग काढा. सहा महिने माझ्या खात्यातून पैसे जात होते. पहिला पगार झाल्यावर तिने ते बंद करायला लावले. म्हणाली, आता माझे जातील."

"मग नोकरी?"

"नोकरी तिला करायचीच होती. कधीची. मीच म्हणायचो, रेवाची ज्युनिअर सर्टची परीक्षा होऊ दे, मग बघू. मग म्हणायचो, उन्हाळा जाऊ दे." तो फाईलच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "जुलैत तिने मला विचारलंच नाही. नुसतं सांगितलं."

म्हणजे तोही काहीतरी घेऊन बसला होता. आम्ही दोघं एकाच बिल्डिंगमध्ये, एकावर एक, आपापला अपराध घेऊन पाच आठवडे बसून होतो.

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं तिने? त्या बाकावर माझ्याकडून आकडेमोड करून घेतली ती कशाला?"

शुभे, तेव्हा अजित हसला. तू गेल्यानंतर तो पहिल्यांदाच हसत असावा, कारण हसणं त्याला नीट जमेना, मधेच आवाज फुटला. म्हणाला, "मी म्हटलं होतं तिला, मंजिरीला सांगून टाक. तर म्हणाली, राहू दे ना. आपलं कुणी ऐकलं की किती बरं वाटते तिला."

मी तिथे रस्त्यात उभी राहून रडले. पाच आठवड्यांत रडले नव्हते. दोष असला की माणूस रडत नाही, नुसता ताठ राहतो. अजित दोन मीटरवर उभा होता, त्याला जवळ येता येईना आणि जाताही येईना. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, बरी आहेस ना, असं विचारायला ती थांबली, "आर यू ग्रँड, लव्ह?" मी मान हलवली.

किती गं माझा तोरा! माझ्या एका वाक्यावर तू उठून नोकरी धरलीस आणि त्यातच गेलीस, असं मी मानून बसले. अकरा वर्षांत तू माझं एकही वाक्य मनावर घेतलं नव्हतंस आणि मी तुझं मरणसुद्धा माझ्याच सल्ल्यावर टाकलं. तू तिथे गेलीस कारण तुला जायचं होतं. तुला स्वतःचं काम हवं होतं, स्वतःचे पैसे हवे होते, आणि ती पावती मला दाखवायची होती. मी आकडा सांगत बसले. तू माझ्या तोंडून 'वा' ऐकायला आली होतीस, आणि ते मी किती कंजुषीने म्हटलं, ते आठवलं की अजून कसंसं होतं.

काल जिन्यात अंतर सोडून बसून तुझ्या खात्याचे पैसे मिळण्याचा अर्ज भरला. माझं काम आहे, चटकन झालं. मृत व्यक्तीचा व्यवसाय या रकान्यात अजितने आधी 'गृहिणी' लिहिलं होतं, सवयीने. त्याने स्वतःच ते खोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही सुचवलं नाही. त्याने 'स्वयंपाकघरात नोकरी' असं लिहिलं, इंग्रजीत, ठळक अक्षरात, आणि कागद रेवाकडे दिला. रेवाने तो वाचला आणि पहिल्यांदाच मराठीत बोलली. म्हणाली, "बरोबर आहे."

लोक म्हणतात, मनावरचं ओझं उतरलं की हलकं वाटतं. मला तसं वाटत नाहीये, शुभे. माझी चूक होती तोवर तुझ्याशी बोलायला काहीतरी होतं. रोज सकाळी उठून मी तुझ्याशी वाद घालायचे, सफाई द्यायचे, माफी मागायचे, आणि तू माझ्यासमोर असायचीस. आता माफी मागायला काही उरलेलं नाही. आता नुसती तू नाहीस.